रोझ एलिंग-एलिस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी मालिका पाहणारे मराठी प्रेक्षक या नटीबद्दल पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही प्रश्न लंडन-मँचेस्टरकडच्या मराठी घरांतून येतात. काही आपल्याकडून येतात, बहुतेक तिच्या नाचाचा व्हिडिओ (प्रश्न ८) फोनवर फिरत आल्यानंतर. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली, तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही रोझ एलिंग-एलिस नक्की कोण?

इंग्लंडमधली तरुण अभिनेत्री. जन्मापासून कर्णबधिर. बीबीसीच्या 'ईस्टएंडर्स' या मालिकेत २०२० ते २०२२ या काळात तिने फ्रँकी लुईस ही भूमिका केली. मालिकेतलं कायमस्वरूपी कर्णबधिर पात्र एखाद्या कर्णबधिर कलाकाराने साकारायची त्या मालिकेतली ती पहिलीच वेळ. पाठोपाठ २०२१ मध्ये 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग' ही नृत्यस्पर्धा तिने जिंकली आणि मालिका न पाहणाऱ्या घरांतही तिचं नाव पोचलं.

२. ती मूळची कुठली? शिक्षण काय?

जन्म १७ नोव्हेंबर १९९४, केंट परगण्यात. केंट म्हणजे इंग्लंडचा आग्नेय कोपरा, खाडीपलीकडे फ्रान्स. तिथल्या हाईथ या समुद्रकाठच्या छोट्या गावात ती वाढली. शिक्षण मात्र अभिनयाचं नाही. युनिव्हर्सिटी फॉर द क्रिएटिव्ह आर्ट्समधून तिने फॅशन आणि वस्त्रकलेची पदवी घेतली. नाट्यशाळेतून रीतसर तालीम घेऊन आलेली ही मुलगी नव्हे.

३. मग अभिनयात आली कशी?

कर्णबधिर मुलांसाठी काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेने सिनेमा बनवण्याचं शनिवार-रविवारचं शिबिर भरवलं होतं, तिथून. तिथे टेड इव्हान्स या दिग्दर्शकाची गाठ पडली. तेही कर्णबधिर. त्यांनी तिला आपल्या लघुपटात घेतलं. पुढे कर्णबधिरांच्या नाट्यसंस्थांमध्ये काम, २०१७ मध्ये 'कॅज्युअल्टी' या रुग्णालयातल्या मालिकेत छोटी भूमिका, २०१९ मध्ये बीबीसीच्या 'समर ऑफ रॉकेट्स'मध्ये एक भूमिका, असं हळूहळू होत गेलं.

हा क्रम ध्यानात घ्या, कारण 'बीबीसीने एका कर्णबधिर मुलीला उचलून तारका केलं' असं पुष्कळांना वाटतं. पहिली संधी कर्णबधिरांनीच तिला दिली. बीबीसी बरीच नंतर आली.

४. 'ईस्टएंडर्स' म्हणजे आपल्या डेली सोपसारखंच का?

बरंचसं तसंच. कुटुंबं, लफडी, जुनी पापं, लग्नमंडपात फुटणारी गुपितं, सगळं आहे. १९ फेब्रुवारी १९८५ ला बीबीसी वनवर सुरू झाली आणि अजून चालू आहे. लंडनच्या पूर्व भागातला वॉलफर्ड नावाचा काल्पनिक मोहल्ला, त्यातला अल्बर्ट स्क्वेअर हा चौक आणि चौकातला 'क्वीन व्हिक' हा पब, ही कथेची जागा. चित्रीकरण मात्र लंडनबाहेर बोरमवुडला होतं, बीबीसीच्या एल्स्ट्री केंद्रात कायम उभ्या असलेल्या सेटवर. १९८६ च्या नाताळचा भाग सुमारे ३ कोटी लोकांनी पाहिला होता.

फरक दोन. एक, तिथे कामगारवर्गाचं घर असतं. भरजरी साड्या नेसून स्वयंपाक करणाऱ्या सासवा नाहीत, लोक मंडईत गाळा लावतात आणि भाडं थकवतात. दुसरा, बीबीसीवर जाहिराती नसतात. पैसा प्रेक्षक टीव्ही पाहण्यासाठी भरतात त्या परवाना शुल्कातून येतो. त्यामुळे एड्स, घरगुती हिंसा, लहानपणी झालेलं लैंगिक शोषण असे विषय ही मालिका महिनोन् महिने चालवते आणि त्या विषयातल्या संस्थांशी बोलून लिहिते. टीआरपीची चिंता त्यांनाही असतेच, ती कुणाला सुटली आहे?

५. त्यात फ्रँकी नेमकी कोण होती?

फ्रँकी आली मे २०२० मध्ये. त्या सुमाराला बेन मिचेल या पात्राची ऐकण्याची शक्ती गेली होती. बोटीवरच्या अपघाताचा तो परिणाम. बेन चिडलेला, कुणाशी धड बोलेना. अशा वेळी खुणांच्या भाषेत सहज वावरणारी, थट्टा करणारी मुलगी त्याच्यासमोर उभी केली. लेखकांची ही चाल मला आवडली. कर्णबधिर असणं म्हणजे संपणं, असं बेनला वाटत असताना समोर जी आहे ती मजेत आहे.

नंतर कळलं की ती क्वीन व्हिकच्या मिक कार्टरची मुलगी आहे. मिकचं काम डॅनी डायर करत असे. मिक लहानपणी अनाथालयात असताना तिथे काम करणाऱ्या केटीने त्याचं शोषण केलं होतं आणि फ्रँकी त्यातून जन्मलेली. मिकला स्वतःलाच हे 'शोषण' म्हणायला फार वेळ लागतो. बाई अत्याचार करू शकते आणि मुलगा बळी असू शकतो, हे त्याला पटत नाही. दुसरीकडे फ्रँकीला आईविषयीचं सत्य पचवायचं असतं. एलिंग-एलिसचं मालिकेतलं सर्वांत चांगलं काम या भागात आहे. इथे तिचं कर्णबधिर असणं हा विषयच नाही, विषय आहे तो बापाचा चेहरा वाचू पाहणारी मुलगी.

प्रसारणात खंडही पडला. कोविडमुळे चित्रीकरण थांबलं, शिल्लक भाग संपले आणि जून ते सप्टेंबर २०२० मालिका बंद होती. फ्रँकी येऊन जेमतेम महिना झाला होता.

६. एवढी गाजत असताना मालिका सोडली का?

सप्टेंबर २०२२ मध्ये ती बाहेर पडली. फ्रँकीला मारलं नाही, ती चौक सोडून जाते, म्हणजे परतीची वाट उघडी आहे. ब्रिटिश मालिकांत ही गोष्ट मोठी मानतात.

त्याआधी ऑगस्टमध्ये एडिनबरा टीव्ही महोत्सवात तिने एक मानाचं व्याख्यान दिलं होतं. तिथे तिने टीव्ही उद्योगालाच धारेवर धरलं. कर्णबधिर माणूस पडद्यावर दाखवून भागत नाही, लेखनाच्या खोलीत आणि कॅमेऱ्यामागेही तो हवा, असं तिचं म्हणणं. तिने पुढे निवडलेली कामं पाहिली (प्रश्न १३ आणि १४) तर बाहेर पडण्यामागचा विचार वेगळा शोधावा लागत नाही.

७. ऐकू येत नाही, तर ती नाचली कशी?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि बहुतेक वेळा त्यात थोडा संशयही असतो. म्हणून सावकाश सांगते.

आधी एक गैरसमज. कर्णबधिर म्हणजे कानात संपूर्ण शांतता असं प्रत्येकाचं नसतं. ती कानाचं मशीन वापरते. मशीन लावल्यावर तिला ठेका जाणवतो, कुणीतरी गातंय हे कळतं, पण शब्द कळत नाहीत, असं तिने मुलाखतींत सांगितलं आहे. मशीन चष्म्यासारखं सगळं लख्ख करत नाही. आवाज मोठा करतं, स्पष्ट करतंच असं नाही.

उरलेलं काम दुसऱ्या वाटांनी होतं. जमिनीतून पायात येणारी कंपनं. मनात चाललेले आकडे. आणि जोडीदाराचं शरीर. बॉलरूम नाचात जोडीदार छातीच्या, कमरेच्या, हाताच्या दाबातून पुढची चाल सांगत असतो. हे ऐकू येणाऱ्यांनाही शिकावंच लागतं. तिचा जोडीदार जोव्हानी पर्निचे हा इटालियन नर्तक. तालमीत तो पाठमोरा होऊन बोलायला लागला की तिला काहीच कळणार नाही, तेव्हा त्याला समोर येऊन सांगायची सवय लावून घ्यावी लागली. तो खुणाही शिकत गेला. सोबत दुभाषी असे.

आता निकाल पाहा. हॅलोविनच्या आठवड्यात, म्हणजे स्पर्धेच्या सहाव्याच आठवड्यात, टँगोसाठी चारही परीक्षकांनी दहापैकी दहा दिले. ४० पैकी ४०. त्या स्पर्धेच्या इतिहासात तोवर इतक्या लवकर कुणालाच पैकीच्या पैकी मिळाले नव्हते. टँगो हा तुटक, झटके देणारा, चुकला की लगेच दिसणारा नाच आहे. तो अंदाजाने मारून नेता येत नाही.

(ही स्पर्धा म्हणजे काय असं विचारणाऱ्यांसाठी: आपल्याकडचं 'झलक दिखला जा' हे तिचंच अधिकृत भारतीय रूप.)

८. मध्येच संगीत बंद पडतं तो व्हिडिओ कसला आहे? तांत्रिक बिघाड झाला होता का?

नाही, मुद्दाम केलं होतं. नोव्हेंबर २०२१. जोडीने स्वतः निवडलेल्या शैलीत नाचायचा तो आठवडा होता आणि गाणं 'सिंफनी'. नाच रंगात असताना आवाज विरतो. साधारण दहा सेकंद काहीही ऐकू येत नाही. दोघं नाचतच राहतात, पावलांची लय तसूभर ढळत नाही, आणि संगीत परत येतं तेव्हा ते बरोबर त्याच जागी असतात.

कर्णबधिर समाजाला दिलेली ती दाद होती. मे २०२२ मध्ये बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट-टीव्ही संस्थेचा 'मस्ट-सी मोमेंट' पुरस्कार या प्रसंगाला मिळाला. तो प्रेक्षकांच्या मतांवर दिला जातो.

पाहायचाच असेल तर एकदा त्या दहा सेकंदांत तिच्याऐवजी जोव्हानीकडे लक्ष द्या. त्या क्षणी संगीताचा आधार त्याचा सुटलेला असतो. तिची परिस्थिती फारशी बदललेली नसते.

९. खरं सांगा, सहानुभूतीची मतं मिळाली म्हणून जिंकली ना?

हा प्रश्न सभ्य भाषेत येतो तसाच असभ्य भाषेतही येतो. उत्तर दोन्हीला एकच.

स्पर्धेत १५ जण होते. अंतिम फेरी १८ डिसेंबर २०२१ ला झाली. तिघं पोचले होते, पण सूत्रसंचालक एजे ओडूडू पायाच्या दुखापतीमुळे ऐनवेळी बाहेर पडली, म्हणून सामना उरला दोन जोड्यांत. समोर होते जॉन व्हाइट आणि योहानेस राडेबे, स्पर्धेतली दोन पुरुषांची पहिली जोडी आणि नाचायला जबरदस्त. अंतिम फेरीत परीक्षकांचे गुण फक्त मार्गदर्शनापुरते असतात, विजेता प्रेक्षक ठरवतात. म्हणजे लोकप्रियतेचा भाग आहेच, आणि तो दरवर्षी, प्रत्येक विजेत्याच्या बाबतीत असतो. क्रिकेटपटू जिंकतो तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नाही.

त्या अंतिम फेरीत समोरचं कथानकही तितकंच 'पहिल्यांदाच' होतं. सहानुभूतीची मतं म्हणून काही असतीलच, तर ती कुणाकडे किती गेली हे कोण सांगणार? गुण मात्र सगळ्यांसमोर आहेत (प्रश्न ७). जोव्हानी याआधी तीनदा अंतिम फेरीत येऊन हरला होता. त्याची ही पहिली ट्रॉफी.

१०. ती बोलू शकते का? समोरच्याचे ओठ पाहून तिला सगळं कळतं का?

बोलते. इंग्रजी बोलते आणि ब्रिटिश सांकेतिक भाषाही वापरते. म्हणून तिच्याबद्दल लिहिताना 'मूकबधिर' लिहू नका.

ओठांचं विचाराल तर नाही, सगळं कळत नाही. कुणालाच कळत नाही. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'बाबा', 'मामा', 'पापा' म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. क, ग, ह ही अक्षरं तर घशाकडे तयार होतात, ओठांवर जवळपास दिसतच नाहीत. जे दिसतं त्यावरून, संदर्भावरून आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून उरलेलं जुळवावं लागतं. दिवसभर हे करून डोकं शिणतं. त्यात अंधार, मिशा, च्युइंगगम, एकाच वेळी बोलणारी चार माणसं. कोविडच्या मास्कने तर जगभरच्या कर्णबधिरांची ही वाटच बंद केली होती.

मे २०२२ मध्ये तिने बीबीसीच्या लहान मुलांच्या वाहिनीवर झोपण्यापूर्वीची गोष्ट सांगितली, पूर्णपणे सांकेतिक भाषेत. त्या कार्यक्रमात असं प्रथमच घडत होतं. गोष्ट रेमंड अँट्रोबस या कर्णबधिर कवीची. तिच्यातल्या छोट्या अस्वलाला सगळे सारखं विचारतात, 'कॅन बेअर्स स्की?' अस्वलांना बर्फावर घसरता येतं का! सगळे हेच का विचारतात, हे त्याला कळेना. ते खरं तर विचारत असतात, 'कॅन यू हिअर मी?' मशीन मिळाल्यावर त्याला उलगडा होतो.

११. तिची खुणांची भाषा आणि आपल्याकडची एकच का? जगभर एकच असते ना?

जगभर एक नसते. ब्रिटिश आणि अमेरिकन लोक एकच इंग्रजी बोलतात, पण त्यांच्या सांकेतिक भाषा इतक्या वेगळ्या आहेत की एकाची दुसऱ्याला कळत नाही. अमेरिकन बोटाक्षरं, म्हणजे बोटांनी एकेक अक्षर दाखवायच्या खुणा, एका हाताची, ब्रिटिश दोन हातांची. शिवाय ब्रिटिश सांकेतिक भाषा म्हणजे हाताने बोललेलं इंग्रजी नव्हे. तिचं व्याकरण स्वतःचं, त्यात भुवया आणि खांद्यांचीही कामं ठरलेली.

भारतीय सांकेतिक भाषा स्वतंत्र आहे. मात्र तिची इंग्रजी बोटाक्षरं ब्रिटिश पद्धतीची, दोन हातांची आहेत, त्यामुळे रोझ एखादं नाव बोटांनी लिहिते तेव्हा आपल्याकडच्या जाणकाराला ते बरंचसं लागतं. आपल्याकडे २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेसाठी केंद्र सुरू झालं आणि २०२१ पर्यंत त्यांचा शब्दकोश १०,००० शब्दांवर गेला. शिकायची इच्छा असेल तर वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. रोझचे व्हिडिओ पाहून ब्रिटिश खुणा पाठ करू नका. मुंबईतल्या कर्णबधिर माणसाशी बोलायला त्यांचा उपयोग थोडाच.

१२. ब्रिटनमध्ये सांकेतिक भाषेचा कायदा तिच्यामुळे झाला हे खरं का?

अर्धं. 'ब्रिटिश साइन लँग्वेज अ‍ॅक्ट' ला २८ एप्रिल २०२२ रोजी राजमान्यता मिळाली. विधेयक आणलं होतं खासदार रोझी कूपर यांनी. त्यांचे आईवडील कर्णबधिर, त्या स्वतः लहानपणापासून ही भाषा वापरत आल्या. मार्चमध्ये ट्राफल्गार चौकात कर्णबधिरांचा मोठा मेळावा झाला, तिथे रोझ होती. दोघींची नावं सारखी असल्याने काही ठिकाणी गोंधळ झालेला दिसतो.

खरी मेहनत ब्रिटिश कर्णबधिर संघटनांची, आणि ती काही दशकांची. तिच्या प्रसिद्धीने विषय पहिल्या पानावर आणला, हेही तितकंच खरं. कायदा इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडपुरता आहे. सरकारी खात्यांनी ही भाषा किती वापरली याचा हिशेब त्यांना द्यावा लागतो. प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक शाळेत दुभाषी मिळण्याचा थेट हक्क मात्र या कायद्याने दिलेला नाही, ही त्याच्यावरची मुख्य टीका. ब्रिटिश कर्णबधिर संघटनेच्या आकड्यांनुसार ही भाषा वापरणारे सुमारे १,५१,००० लोक आहेत, त्यातले ८७,००० कर्णबधिर.

१३. मालिका सोडल्यावर तिने काय केलं?

आधी रंगभूमी. २०२२ च्या डिसेंबरपासून लंडनच्या नव्याकोऱ्या सोहोप्लेस नाट्यगृहात शेक्सपिअरचं 'अ‍ॅज यू लाइक इट'. तिने सीलिया केली, सांकेतिक भाषेत. प्रेक्षकांसाठी संवाद अक्षरांत दिसत. या भूमिकेसाठी तिला ऑलिव्हिए या लंडन रंगभूमीच्या मानाच्या पुरस्काराचं २०२३ चं नामांकन मिळालं, सहाय्यक अभिनेत्री या गटात. जिंकली अंजना वासन. जन्माने चेन्नईची, त्यामुळे आपल्याकडच्या बातम्यांत ती जास्त आली आणि रोझचं नामांकन राहून गेलं.

२०२३ मध्येच बीबीसीवर 'साइन्स फॉर चेंज' हा तिचा माहितीपट आला. विषय असा की बहुतांश कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, आणि त्या आईबापांना खुणांची भाषा कुणी शिकवायची? मराठी पालकांनी तो मिळाला तर जरूर पाहावा. कानाच्या मागे यंत्र बसवलं की प्रश्न मिटला, असं आपल्याकडेही डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडताना वाटतं.

२०२५ हे टीव्हीवरचं तिचं भरगच्च वर्ष. एप्रिलमध्ये बीबीसीवर 'रीयुनियन'. शेफील्डमध्ये घडणारी, तुरुंगातून सुटलेल्या कर्णबधिर माणसाची चार भागांची कथा. लेखक विल्यम मेगर स्वतः कर्णबधिर. प्रमुख भूमिका मॅथ्यू गर्नीची, रोझ मिरी या भूमिकेत. संवाद इंग्रजीत आणि सांकेतिक भाषेत. त्याच महिन्यात 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेचा एक भाग (प्रश्न १५), आणि मे महिन्यात 'कोड ऑफ सायलेन्स'.

१४. पोलिसांसाठी ओठ वाचणारी मुलगी ती हीच का? तसं खरंच होतं का?

हीच. 'कोड ऑफ सायलेन्स', आयटीव्हीची सहा भागांची मालिका. कँटरबरीच्या पोलिसठाण्याच्या कँटीनमध्ये अ‍ॅलिसन ब्रुक्स काम करते. टोळीवर पाळत ठेवलेली, चित्रण आहे पण आवाज नाही, आणि नेहमीचे जाणकार हाताशी नाहीत. तपास अधिकाऱ्यांना आठवतं की कँटीनमधली पोरगी ओठ वाचते. पुढे ती जेवढी बोलावली गेलीय त्याहून जास्त आत शिरते.

लेखिका कॅथरीन मोल्टन यांना स्वतःला कमी ऐकू येतं, त्याही ओठ वाचतात. म्हणून मालिकेत एक युक्ती आली: पडद्यावर अक्षरं आधी उलटसुलट, अर्धवट उमटतात, मग अ‍ॅलिसनला अंदाज येत जातो तशी ती जागेवर बसतात. प्रेक्षकालाही तिच्याबरोबर चुकता येतं. 'बाबा-मामा'चा खेळ (प्रश्न १०) मोठ्या पडद्यावर मांडल्यासारखं. खऱ्या जगातही तपासात ओठ वाचणारे जाणकार वापरले जातात, पण त्यांनी वाचलेलं चुकीचंही असू शकतं, आणि मालिका हे लपवत नाही.

अ‍ॅलिसन शूर आहे पण शहाणी नाही. ती खोटं बोलते, नको त्या मुलाच्या प्रेमात पडते. कर्णबधिर नायिकेला इतकं चुकू देणं हेच मला तिथलं खरं धाडस वाटलं. रोझ या मालिकेची कार्यकारी निर्मातीही आहे.

१५. 'डॉक्टर हू'मधला तिचा भाग आधीचं काही न पाहता कळेल का?

कळेल. 'द वेल', एप्रिल २०२५. दूरच्या ग्रहावरच्या खाणीत सगळे मेलेत, एक स्वयंपाकीण तेवढी जिवंत आहे, अ‍ॅलिस फेनली. तिच्या पाठीमागे काहीतरी आहे. जो थेट तिच्या मागे जाईल तो मरतो. २००८ च्या एका भागाशी धागा जुळतो, पण तो न पाहताही भीती वाटायची ती वाटते.

लेखकांनी भीतीचा नियमच असा रचला की कर्णबधिर माणसाचं रोजचं जगणं त्यात आलं. मागून कोण काय बोलतंय ते कळत नाही. समोरच्यांच्या चेहऱ्यावर दहशत दिसते, पण कशाची ते सांगायला कुणी तयार नाही. सैनिकांच्या अंगावरच्या पडद्यांवर त्यांचं बोलणं अक्षरांत उमटतं, आणि पडदा बंद झाला की अ‍ॅलिसच्या मनात पहिली शंका येते, 'माझ्याबद्दल काय बोलताय?'

१६. तिच्या नावाची बार्बी निघाली होती ना?

तिच्या नावाची नाही. २०२२ मध्ये कानामागे मशीन लावलेली पहिली बार्बी बाजारात आली, तिची प्रसिद्धी रोझने केली. लहानपणी ती आपल्या बाहुल्यांच्या कानांवर पेनाने मशीन काढत असे, हे तिने तेव्हा सांगितलं.

१७. पॅरालिम्पिकमध्ये ती खेळली होती का?

नाही, सूत्रसंचालन केलं. पॅरिस २०२४, चॅनेल फोर. खेळांचं थेट प्रक्षेपण चालवणारी ती पहिली कर्णबधिर निवेदक ठरली. थेट प्रक्षेपणात कानात निर्मात्याचा आवाज चालू असतो, हे लक्षात घेतलं तर त्यातली गोम कळेल.

गंमत अशी की पॅरालिम्पिकमध्ये कर्णबधिरांसाठी गटच नाही. त्यांच्या स्पर्धा वेगळ्या, डेफलिम्पिक्स. त्या १९२४ पासून होतात, पहिल्या पॅरिसलाच झाल्या होत्या. 'ती कर्णबधिर म्हणून तिला पॅरालिम्पिकला घेतलं' हे म्हणूनच नीटसं बसत नाही.

१८. तिला कायम कर्णबधिर बायकांच्याच भूमिका का? आणि उलट, चांगल्या नटीने कर्णबधिर भूमिका केली तर बिघडलं कुठे?

दोन प्रश्न सहसा जोडूनच येतात.

पहिल्याचं उत्तर: ती कर्णबधिर आहे, म्हणजे तिने केलेलं पात्र कर्णबधिर असणारच. बघायचं ते हे की पात्राला त्याखेरीज दुसरं काही आहे का. सीलियाला आहे, अ‍ॅलिसनला आहे. शेक्सपिअरने सीलिया कर्णबधिर लिहिली नव्हती, तरी रोझने ती केली आणि नाटक कुठे अडलं नाही.

दुसरं जरा नाजूक. अभिनय म्हणजे दुसरं कुणी होणंच, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण भाषेचा मुद्दा उरतो. हिंदी सिनेमात मोलकरणीच्या तोंडी घातलेली 'मराठी' ऐकून आपण जे तोंड करतो, तेच तोंड कर्णबधिर प्रेक्षक चार आठवड्यांत खुणा पाठ करून आलेल्या नटाकडे बघून करतात. हात बरोबर असतात, भुवया चुकतात, आणि वाक्याचा अर्थ भुवयांत असतो. जोवर कर्णबधिर नटांना एकूणच कामं कमी आहेत, तोवर त्यांच्या वाट्याची चार तरी त्यांना मिळावीत, एवढंच रोझचं आणि तिच्यासारख्यांचं मागणं आहे. मला ते जास्तीचं वाटत नाही.

१९. लग्न झालंय का? जोव्हानीशी काही होतं का?

हा प्रश्न खरोखर फार येतो. इथे तिच्या कामाबद्दलच लिहिते.

२०. तिचं काम भारतातून कुठे पाहायचं?

'ईस्टएंडर्स' बीबीसीच्या आयप्लेअर या ऑनलाइन सेवेवर असते, आणि आयप्लेअर फक्त ब्रिटनमध्ये चालतो. तिथे राहणाऱ्यांना टीव्हीचा परवाना लागतो, मोबाइलवर पाहिलं तरी लागतो. विद्यार्थी हे विसरतात. नाचाचे तुकडे स्पर्धेच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर आहेत, त्यांना भाषेचीही अडचण नाही. बाकी मालिकांचे भारतातले हक्क बदलत राहतात, म्हणून आज सांगितलेलं ठिकाण उद्या टिकेलच असं नाही. नावाने शोधून पाहा.

२१. एकच पाहायला वेळ आहे. कुठलं पाहू?

नाच सगळ्यांनी पाहून झालाय. 'कोड ऑफ सायलेन्स' घ्या, पहिले दोन भाग सलग. पहिला भाग आवाज बंद करून पाहायची हुशारी करू नका, अ‍ॅलिसनच्या मशीनमधून येणारा अर्धवट आवाज त्यात मुद्दाम रचलेला आहे आणि तो हेडफोनवर जास्त चांगला कळतो.